फ्रीजरमधला वाटाणा फिका का पडतो?

प्रश्न : मी हिरवा वाटाणा सोलून, धुऊन लगेच पिशवीत भरते आणि फ्रीजरमध्ये ठेवते. दोन-तीन महिन्यांत त्याचा रंग उतरतो, गोडी जाते आणि दाण्यांचा एकच गोळा होतो. माझे काय चुकते?

उत्तर : आपण दाणे कच्चेच गोठवता, हे मूळ कारण आहे. वाटाण्यातील विकरे (एन्झाइम, म्हणजे दाण्यात रासायनिक बदल घडवणारी नैसर्गिक द्रव्ये) थंडीने मंदावतात, पण पूर्णपणे थांबत नाहीत, आणि तीच हळूहळू रंग व चव बिघडवतात. ही विकरे उष्णतेने थांबवण्यासाठी भरपूर पाणी खळखळून उकळावे, त्यात थोडे थोडे दाणे घालून पाण्याला पुन्हा उकळी फुटल्यापासून दीड ते दोन मिनिटे ठेवावेत आणि लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत. येथे घाई आवश्यकच आहे, कारण आतील उष्णतेने दाणे शिजतच राहतात. गोळा होतो तो ओलाव्यामुळे. म्हणून दाणे कापडावर पूर्ण कोरडे करावेत, ताटात एकेरी थरात पसरून गोठवावेत आणि मगच, हवा काढून, पिशवीत भरावेत. फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असावे. वापरताना दाणे वितळू न देता थेट उकळत्या रश्श्यात घालावेत.