सारे म्हणतात ‘धंदा टाक’, मग कर्ज काढू का?

धंद्याचा विचार घेऊन माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची काळजी हीच असते. दारव्हा तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचीही होती. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळमिल त्याने पाहून ठेवली होती. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळतं, हेही त्याला माहीत होतं. पण ते अनुदान कर्जाशी जोडलेलं. मिल चालो न चालो, हप्ता येणारच.

“लोकांना नेमकं काय विचारलं?”

“मी डाळमिल टाकतो, तुमी तूर आणसान का? सारे म्हणे, आणू ना गा, काहून नाही आणणार!”

यात कोणी खोटं बोललं नव्हतं. गावातल्या पोराच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि पुढच्या वर्षीचं ‘हो’ म्हणायला पैसे पडत नाहीत. अशा होकारावर कर्ज काढू नये, हे माझं ठाम मत आहे.

मी सांगितलं, आता मिलचं नावच काढू नका. मागच्या हंगामाचं विचारा. घरची डाळ कुठे केली? किती तूर नेली? पैसे किती दिले? चुनी, म्हणजे भरडताना निघणारा चुरा, कोणी ठेवली? आणि हे पारावर नको, डाळ निवडणाऱ्या-वाळवणाऱ्या बायांना विचारा. त्याला संकोच वाटला. मग आईला सोबत घेऊन तो घरोघरी गेला.

‘आणू’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी घरांनी मागच्या वर्षी डाळ केलीच नव्हती. निघाली तशी सारी तूर व्यापाऱ्याला दिली आणि किराण्यातून डाळ आणली. ज्यांनी केली होती, त्यांनी दराबद्दल ब्रसुद्धा काढला नाही. हा मात्र दर कमी ठेवून गिऱ्हाईक ओढायचा बेत करत होता! त्यांचं दुखणं वेगळंच होतं: मिलवाला थोडी तूर वेगळी काढून देत नाही, साऱ्यांची एकत्र करतो. एक आजी म्हणाली, “माह्या तुरीची माहीच डाळ पाह्यजे मले.” सगळ्या चौकशीत मला हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते कोणी विचारून वदवलेलं नव्हतं.

मग मशीन न घेताच पाहायचं ठरलं. जानेवारीत तूर निघाल्यावर त्याने त्याच घरांना विचारलं, “तुमची तूर वेगळी भरडून आणतो, थोडे पैसे आधी द्याल?” काहींनी विषय बदलला. काहींनी पैसे आणि पोतं दोन्ही दिलं. पोत्यांवर नावं घालून, टेम्पो करून, वेगळी भरडायला तयार असलेल्या मिलवर तो स्वतः उभा राहिला. दर घराच्या तुरीनंतर मशीन रिकामं करण्यात बराच वेळ जातो, तो दरात धरावा लागेल, हे त्याला तिथेच कळलं.

कर्जाची फाईल अजून त्याने बँकेत दिलेली नाही. यंदा पोतं देणारी घरं येत्या हंगामात न बोलावता येतात का, ते पाहूनच तो ती देणार आहे.