समावेशनाच्या कामाची सुरुवात कुठून करावी?

अंधेरीतील तीनशे जणांच्या कंपनीत समता, विविधता आणि समावेशनाची जबाबदारी नव्याने आल्यावर पहिले पाऊल कोणते, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते, महिला दिनाचा समारंभ आणि भित्तिपत्रके बाजूला ठेवून आधी कायद्याची बाजू तपासावी. 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार समान संधी धोरण आणि 2019 च्या कायद्यानुसार तृतीयपंथीयांच्या तक्रारींसाठी अधिकारी आवश्यक आहे. हे बहुतेक ठिकाणी फक्त कागदावरच असते. समितीतील बाहेरच्या सदस्याचे नाव किती जणांना ठाऊक आहे, हे विचारून पाहा.

त्यानंतर भरती, पगारवाढ आणि बढतीचे मागील काही वर्षांचे आकडे महिला, दिव्यांग अशा गटांनुसार वेगवेगळे काढावेत, कारण भेदभाव क्वचितच उघड बोलला जातो. तो मुलाखतीत सहज विचारलेल्या ‘मूळ गाव कोणते, आडनाव काय?’ यांसारख्या प्रश्नांत आणि संध्याकाळी सातला ठेवलेल्या बैठकीत दडलेला असतो, जिच्यामुळे कसारा किंवा विरारची गाडी पकडणारी, घरी लहान मूल असलेली कर्मचारी निर्णयांतून आपोआप वगळली जाते. (जातीविषयी आपल्या कार्यालयांत चमत्कारिक मौन असते, ते आपणच मोडावे लागेल.) मात्र या कामासाठी स्वतंत्र निधी आणि थेट संचालकांपर्यंत पोहोचण्याची मुभा आधीच लेखी मागून घ्या.