रिपोर्ट बिघडतो तो मशीनच्या आधी
वाचकांचे प्रश्न : लॅबची कामं

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांच्या लॅब टेक्निशियनसाठी बायोकेमिस्ट्रीची दोन दिवसांची कार्यशाळा घ्यायची आहे. पंधराएक जण येतील, सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर एकच आहे. मागच्या वेळी दोन्ही दिवस स्लाइड बघण्यातच गेले. या वेळी काय ठेवावं?
– धारणी, जि. अमरावती

उत्तर : अ‍ॅनालायझर एकच आहे म्हणून अडून राहू नका. बहुतेक चुकीचे रिपोर्ट नमुना मशीनमध्ये जायच्या आधीच चुकलेले असतात, आणि ते काम शिकवायला मशीन लागत नाही.

पहिली सकाळ पूर्ण मायक्रोपिपेटला, म्हणजे थेंबाहून कमी द्रव मोजून घ्यायच्या साधनाला, द्या. ग्लुकोजला १००० मायक्रोलिटर रीएजंटात (टेस्टच्या रसायनात) १० मायक्रोलिटर नमुना घालतो. त्यात एक मायक्रोलिटर कमी पडला की उत्तर १० टक्क्यांनी खाली येतं. उपाशीपोटी १२६ ला मधुमेहाची रेषा आहे. तीच शुगर ११३ दिसली की पेशंट निर्धास्त होऊन घरी जातो.

जवळच्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागातून एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा मागून आणा. पंखा बंद करून प्रत्येकाला १००० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर दहा वेळा तोलायला लावा आणि आकडे फळ्यावर लिहा. ३० अंशाला वजन ०.९९५ ग्रॅमच्या आसपास यायला हवं; ०.९८५ ते १.००५ च्या बाहेर गेलं तर पिपेट किंवा हात, दोहोंपैकी एक चुकतोय. कोणता, ते दुसऱ्याच्या हाती तेच पिपेट देऊन लगेच कळतं. १० मायक्रोलिटरचं एकेक वजन या काट्यावर कळत नाही, म्हणून दहा थेंब एकत्र सोडून तोला. साधारण ९९ मिलिग्रॅम भरले पाहिजेत.

वजन चुकतं ते याच गोष्टींनी : नमुना घेताना अंगठा दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबणं, प्लंजर झटकन सोडणं (मग टिपमध्ये बुडबुडा येतो), पिपेट तिरकं धरणं आणि टिप खोल बुडवणं. टिप दोन-तीन मिलिमीटरच आत जावी. खोल गेली की बाहेरच्या बाजूला सीरम चिकटतं आणि १० च्या जागी ११-१२ जातं. नवी टिप एकदा नमुन्यानेच ओली करून घ्यावी.

दुसरा दिवस कंट्रोलचा, म्हणजे मशीन बरोबर चाललंय का ते बघायला रोज लावायच्या सीरमचा. पावडरच्या कुपीत ५ मिलि पाणी घालायचं तर ते काचेच्या व्हॉल्युमेट्रिक पिपेटने. सिरिंजने घातलेलं पाणी मोजलेलं पाणी नव्हे. कुपी हलक्या हाताने फिरवा, खळखळ हलवू नका, फेस झाला की प्रथिनं बिघडतात. अर्धा तास अंधारात ठेवून छोट्या नळ्यांत वाटा आणि उणे २० ला गोठवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

मग आलेख. कंट्रोलच्या किमान वीस दिवसांच्या आकड्यांवरून सरासरी आणि एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) काढायची. समजा सरासरी १००, एसडी ४. सर्वांना हे आकडे द्या : १०१, ९८, १०३, ९७, १०५, १०६, १०५, १०७. ‘सगळे दोन एसडीच्या आत आहेत, चालतंय’ असं बहुतेक जण म्हणतील. पण शेवटचे चारही आकडे १०४ च्या वर, म्हणजे एक एसडीच्या पलीकडे, एकाच बाजूला आहेत. कंट्रोलचे आकडे कधी नाकारायचे हे सांगणाऱ्या वेस्टगार्डच्या नियमांनुसार इथे रिपोर्ट थांबवून कारण शोधायचं : रीएजंटची नवी बाटली, जुना स्टँडर्ड, ३७ अंशांवर नसलेला इनक्युबेटर. हा एक सराव चांगला तासभर चालू द्या, कार्यशाळेचं खरं काम तिथेच होतं. पुढे जमेल तेव्हा वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्य गुणवत्ता योजनेत नाव घाला.

प्रश्न : उपकेंद्रावर सकाळी घेतलेलं रक्त दुपारी ग्रामीण रुग्णालयात पोचतं. शुगर ग्लुकोमीटरपेक्षा बरीच कमी येते. कोणावर विश्वास ठेवावा?
– एटापल्ली, जि. गडचिरोली

उत्तर : साध्या नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात. सामान्य तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के जाते, उन्हाळ्यात आणखी भराभर. १८० ची शुगर तीन तासांत १५० वर येते. राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरा, खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा हळूच उलटीपालटी करा. मात्र फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, तोवर घट चालूच असते. म्हणून नळी लगेच लसीच्या थंड पेटीत ठेवा, कापडात गुंडाळून. बर्फाच्या पॅकला थेट टेकली तर पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूज असेल तर अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करणं सगळ्यात चांगलं. जेवणानंतर बोटातल्या रक्ताची शुगर शिरेतल्यापेक्षा मुळातच थोडी जास्त असते, तेव्हा सगळा फरक प्रवासाचा धरू नका.

राखाडी नळीवर युरिएज एन्झाइम असलेल्या किटने युरिया करू नका, फ्लोराइड तो एन्झाइम रोखतं. तिच्यात पोटॅशियम ऑक्झलेट असतं, त्यामुळे पोटॅशियमही नको. पोटॅशियमसाठी घेतलेलं, सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेलं रक्त थंड पेटीतही ठेवू नये, आकडा खोटा वाढतो.

प्रश्न : डोळे पिवळे झालेल्या पेशंटचं एसजीपीटी (यकृतातल्या एन्झाइमची टेस्ट) २२ आलं. किट खराब आहे का?
– सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : बहुधा किट ठीक आहे आणि एन्झाइम फार जास्त आहे. या टेस्टमध्ये रीएजंटातलं एनएडीएच हे रसायन किती वेगाने संपतं ते ३४० नॅनोमीटरला मोजतो. एसजीपीटी हजारांत असेल तर पहिल्या मिनिटातच ते संपतं आणि मशीन सपाट रेषा मोजतं. सुरुवातीचं अ‍ॅबसॉर्बन्स (प्रकाश किती शोषला जातो ते) ब्लँकपेक्षा, म्हणजे नमुना नसलेल्या रीएजंटपेक्षा, फार कमी दिसलं की ओळखा. १०० मायक्रोलिटर सीरममध्ये ९०० सलाइन घालून पुन्हा लावा, उत्तराला १० ने गुणा.

प्रश्न : सिकलसेलच्या पेशंटचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) करावं का?
– आमगाव, जि. गोंदिया

उत्तर : एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार, असेल तर नको. तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. शिवाय या टेस्टला लागणारं नेहमीचं हिमोग्लोबिन ए त्यांच्यात नसतंच. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर बघा. नुसता वाहक म्हणजे एएस असेल तर करता येतं, पण तुमच्या पद्धतीवर हिमोग्लोबिन एसचा परिणाम होतो का ते किटच्या कागदात आधी वाचा. मागणीपत्रावर सिकलसेलची नोंद नसेल तर डॉक्टरांना विचारून मगच नमुना लावा.