राष्ट्रगीताला उभा राहतो, पण आतून काही हलत नाही. देशप्रेम नक्की येतं कुठून?

प्रश्नकर्त्यानं खाली लिहिलंय: वय २२, मित्र म्हणतात तुझ्यात देशप्रेमच नाही, आणि ठाम राजकीय मत कसं बनतं तेही सांगा.

मला देशाबद्दल खरंखुरं वाटायला लागलं ते चोविसाव्या वर्षी, एका कुलपामुळं. तुमच्या मित्रांचं वाक्य वाचल्यावर गप्प राहवेना, कारण तेच वाक्य मला माझ्या सख्ख्या चुलत्यांनी भर ग्रामसभेत ऐकवलंय.

मी सातारा जिल्ह्यातला, खटाव तालुक्यातला. आमच्याकडं पोरगं दहावी झालं की पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळताना दिसतं. आप्पा, म्हणजे माझे चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांची ट्रंक, त्यांची पदकं, काश्मीरच्या थंडीच्या गोष्टी, यावरच मी वाढलो. सैन्यभरतीची मैदानी चाचणी म्हणजे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत, दहा बीम (दांड्याला लटकून अंग वर उचलायचं), नऊ फुटी खड्ड्यावरून उडी. सहा वर्षं माझ्या आयुष्यात दुसरं काही नव्हतं. त्या काळात मला कुणी देशप्रेमाबद्दल विचारलं असतं तर मी छाती फुगवून दाखवली असती, आणि खरोखर मोजून दाखवली असती, पाच सेंटिमीटर.

२०२१ च्या सुरुवातीला सोल्जर टेक्निकलसाठी माझं मैदानी झालं, मेडिकल झालं. राहिली फक्त लेखी. ती पुढं गेली, परत पुढं गेली. १४ जून २०२२ ला अग्निपथ, म्हणजे सैन्यात चार वर्षांपुरत्या भरतीची योजना, जाहीर झाली आणि जुन्या भरतीच्या राहिलेल्या लेखी परीक्षा रद्द झाल्या. नव्या योजनेत तेव्हा वयाची मर्यादा २१ होती, त्या एका वर्षापुरती २३. माझी चोवीस भरली होती. हे मी आजही शांतपणे सांगू शकत नाही. नापास झालो असतो तर पचलं असतं. मला कुणी नापास केलंच नव्हतं.

त्या १५ ऑगस्टला घरोघरी तिरंगा लागला. आप्पांनी आमच्या माळवदावर लावला. मी शाळेतल्या झेंडावंदनाला गेलो नाही, रानात जाऊन बांधावर बसलो. झेंडा बघवत नव्हता. तुम्हाला वाटतं ना आतून काही हलत नाही म्हणून? माझ्या आत तर राग होता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

मग ९ सप्टेंबर आला. त्या दिवशी आमची आजी गावच्या हुतात्मा स्मारकाला फुलं वाहते. दरवर्षी आई घेऊन जायची, त्या वर्षी आईचा पाय मुरगळला होता म्हणून मला जावं लागलं. वडूजचा, म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावचा मोर्चा तुम्हाला माहीत असेल: ९ सप्टेंबर १९४२, मामलेदार कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. परशुराम घार्गे पुढं झेंडा घेऊन होते. नऊ माणसं गेली. अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यात गावोगावी हुतात्मा स्मारकं बांधायला घेतली होती, त्यातलंच एक आमच्या गावात आहे. मी लहानपणापासून त्याच्या समोरून पळालोय. तिथून वळून परत आलं की सोळाशे मीटर भरतात, एवढीच मला त्याची ओळख होती.

दाराला कुलूप. खिडकीतून बघितलं तर आत छतापर्यंत कडबा, सिमेंटची पोती आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी. आजीनं फुलं पायरीवर ठेवली. तिला वाचता येत नाही, पण आत दगडावर कुणाची नावं आहेत ते तिला पाठ आहे, दगडावरच्या क्रमानं नाही तर घरांच्या क्रमानं: वरच्या आळीचा, माळावरचा, ओढ्याकाठचा. मोर्चा निघाला तेव्हा ती सात-आठ वर्षांची. तिच्या आईनं फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता, तिच्या चुलत्याला. तो चुलता परत आला. म्हणून त्याचं नाव दगडावर नाही.

परत येऊन त्यानं काय केलं, हे मी त्या पायरीवर पहिल्यांदा ऐकलं. तीन वर्षं तो भूमिगतांना शाळवाच्या, म्हणजे ज्वारीच्या रानात भाकरी पोचवत होता. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रज असतानाच लोकांनी चालवलेलं समांतर सरकार, उभं राहिलं तेव्हा गावच्या न्यायदान मंडळात बसायचा. सावकारानं दाबलेली जमीन, भावकीतला बांध, टाकून दिलेली बाई, असले तंटे. हुंडा आणि मानपान बंद करून गांधी पद्धतीची लग्नं लावायचे, आजीचंही तसंच लागलं, हार आणि गूळ-खोबरं एवढ्यावर. मी शाळेत प्रतिसरकार शिकलो होतो. शेणोलीला ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची आगगाडी लुटली, हे मला पाठ होतं, जी. डी. बापू लाडांचं नावही. पण परीक्षेत प्रश्न लुटीचाच यायचा. न्यायदान मंडळात बसलेल्या माणसाबद्दल कुणी कधी विचारलं नाही. इंग्रज अजून जायचे होते आणि आमच्या घरचा माणूस गावात सरकार चालवत होता. त्याला कुणी वर्दी दिली नव्हती, पगार दिला नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत चावी मागायला गेलो. ग्रामसेवक म्हणाले सदस्यांकडं आहे. सदस्य म्हणाले पावसाळा संपू दे. कडबा त्यांचाच होता.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला गेलो. आयुष्यातली माझी पहिली ग्रामसभा, मतदार होऊन सहा वर्षं झाल्यावर. पंचवीसेक माणसं होती. कोरम, म्हणजे लागते तेवढी किमान हजेरी, नाही म्हणून सभा तहकूब. आता यातली मेख लक्षात घ्या. ग्रामसभेला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरम लागत नाही. आठ दिवसांनी दहा-बारा जण जमले, चहा झाला, सगळे ठराव मंजूर. गावाचं वर्षाचं नशीब चहाच्या एका किटलीत उरकलं. त्या दहा-बारा जणांपेक्षा मला राग आला तो घरी बसलेल्या आम्हा बाकीच्यांचा.

मग मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. जोडपत्र अ हा अर्जाचा नमुना, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. स्मारकावर पाच वर्षांत किती खर्च झाला, बिलं आणि मोजमाप पुस्तकाच्या प्रती द्या, एवढंच. तीस दिवसांत उत्तर नाही. पंचायत समितीत पहिलं अपील केलं, तेव्हा कागद मिळाले. कागदावर स्मारकाची दोनदा रंगरंगोटी झालेली होती, फरशीही बदलली होती. मी ते कागद घेऊन स्मारकाच्या मागं गेलो आणि भिंतीवर नख फिरवून बघितलं. जुना चुना नखात आला.

त्या क्षणी जे झालं त्यालाच मी देशप्रेम म्हणतो. अंगावर काटा वगैरे नाही. पोटात गोळा आला आणि ‘हे माझं आहे, हे असं चालणार नाही’ एवढं एकच वाटलं. भिंत माझी, पैसा माझा, त्या दगडावरची माणसं माझी. रागाला सहा महिन्यांनी पत्ता सापडला.

२६ जानेवारी २०२३ च्या ग्रामसभेसाठी मी पंधरा दिवस दारोदार फिरलो. भरतीला माझ्याबरोबर पळणारी पोरं सोबत होती. बायकांना आदल्या दिवशी महिला ग्रामसभा असते हेच माहीत नव्हतं, ते आजीनं सांगत फिरायचं काम केलं, काठी टेकत. त्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर सव्वाशेच्या वर माणूस. मी उभा राहिलो, कागद हातात थरथरत होता, आणि बिलं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या बिलावर होतो तेव्हा आप्पा उठले.

“खाली बस. भरती झाली न्हाय म्हणून आता राजकारण करायला निघालास व्हय? देशप्रेम असतं तर आजच्या दिवशी गावाची लक्तरं वेशीवर टांगली नसतीस. ज्यानं कधी बंदूक धरली न्हाय त्यानं हुतात्म्यांची नावं घेऊ नयेत.”

सगळं गाव गप्प. आप्पांना आमच्याकडं कुणी उलट बोलत नाही, मीही नाही. मी बसलो नाही, एवढंच केलं. उरलेली बिलं वाचली. शेवटी ठराव झाला: पंधरा दिवसांत स्मारक मोकळं करायचं आणि तिथं अभ्यासिका करायची. सूचक एक निवृत्त मास्तर, अनुमोदक आमची आजी. सभेच्या प्रोसिडिंगवर, म्हणजे इतिवृत्तावर, तिचा अंगठा आहे.

कडबा निघाला. फरशी खरोखर बसली. जुन्या बिलांचे पैसे मात्र परत आले नाहीत, ते प्रकरण अजून वरच्या कचेरीत पडून आहे आणि मी दर तीन महिन्यांनी जाऊन विचारतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं. मत कसं बनतं? माझी मतं या दोन-तीन वर्षांत बनली आणि ती मी कुणासमोरही मांडतो. गावात आलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब गावासमोर मोठ्यानं वाचला पाहिजे, सरपंच कुठल्याही पक्षाचा असो. तहकूब सभेलाही कोरम हवाच, कायदा बदला. सैन्यातली नोकरी चार वर्षांची नसावी, शंभरातल्या पंचवीस जणांनाच पुढं ठेवणार असाल तर उरलेल्या पंचाहत्तर पोरांच्या घरचं मी बघितलंय. संविधानात २४३-अ कलमानं ग्रामसभेला जागा मिळाली ती १९९३ साली, माझ्या जन्माच्या आधी, आणि मला ती वयाच्या चोविसाव्या वर्षी सापडली, हा आपल्या शाळांचा दोष आहे. दोन पक्षांची माणसं मला बोलावून गेली. मी अजून कुठं गेलेलो नाही, पण जाणं वाईट आहे असंही मानत नाही.

तुम्हाला सांगायचं तर मित्रांशी वाद घालू नका. त्यांना विचारा, तुमच्या वॉर्डाचं किंवा गावाचं या वर्षीचं बजेट किती? शेवटची ग्रामसभा कधी झाली? उत्तर आलं नाही तर त्यांनी तुमचं देशप्रेम मोजू नये. आणि घरात कुणी वडीलधारं असेल, जे म्हणतं की वर्दी घातल्याशिवाय देशाबद्दल बोलू नये, तर त्यांना आदरानं विचारा की वडूजच्या मोर्च्यात कुणाकडं बंदूक होती? बंदूक समोरच्यांकडं होती. परशुराम घार्गेंच्या हातात काठी होती आणि काठीला झेंडा. हिशेब मागणाऱ्याला देशद्रोही ठरवायचं असेल तर आधी दगडावरची ती नावं पुसावी लागतील. हे मला त्या दिवशी सुचलं नाही. आज सुचतंय.

काही गोष्टी राहिल्या. मी सैन्याच्या विरोधात नाही, रोज पहाटे गावातल्या अठरा पोरांना मीच पळवतो, त्यातली तीन अग्निवीर झाली. आप्पांनी बर्फात काढलेल्या वर्षांपुढं माझी बिलं काहीच नाहीत, हेही मला ठाऊक आहे. प्रतिसरकारनं माणसांना पायावर मारलंही, खबऱ्यांना आणि गुंडांना, ते लपवायचं कारण नाही. माहितीचा अर्ज एकट्यानं टाकू नका, चार जणांच्या सह्यांचं निवेदन आधी द्या, आणि पोचपावती घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. शहरात राहत असाल तर ग्रामसभा नसते, पण माहिती अधिकार तोच आहे.

आप्पा अभ्यासिकेत अजून आलेले नाहीत. गेल्या ९ सप्टेंबरला पायरीपर्यंत आले, चपला काढल्या, फुलं ठेवली आणि माझ्याशी न बोलता गेले. आजीला हात धरून खाली उतरवलं ते मात्र त्यांनीच.

अर्ज लिहिताना अडलात तर इथंच खाली विचारा. संध्याकाळचं दूध संकलन आटोपलं की साडेआठनंतर मी मोकळा असतो.