जुनं जग परत हवंय, पण किती जणांना?

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी बहुतेक पत्रं रोलप्लेइंग गेममधल्या, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं होऊन खेळायच्या खेळांमधल्या, बंद पडलेल्या सेटिंग्जबद्दल होती. सेटिंग म्हणजे खेळ ज्यात घडतो ते काल्पनिक जग. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.)

प्रश्न : खेळायला भेटणारा जो तो म्हणतो की डार्क सन हे जुनं जग परत आणा. एवढी मागणी दिसत असताना प्रकाशकांना ती दिसत नाही का?

दिसते. 2015 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने खेळाडूंना जुन्या सेटिंग्जबद्दल विचारलं होतं आणि निष्कर्ष जाहीरही केले होते. एबेरॉन, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप आणि फरगॉटन रेल्म्स ही पाच जगं वरच्या गटात जवळपास बरोबरीने आली. ग्रेहॉक, ड्रॅगनलान्स आणि स्पेलजॅमर दुसऱ्या गटात होती. त्यांच्याखाली एकदम मोठी घसरण होती.

ग्रेहॉक आणि ड्रॅगनलान्स मागे पडण्याचं कारण नावड हेच असेल असं नाही. त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम या दोन जगांना जवळचे आहेत, त्यामुळे जुनं पुस्तक काढून नव्या नियमांनी खेळायला फारसं अडत नाही. वरच्या पाचांपैकी रेल्म्स सोडलं तर बाकी चौघांना बरेच नवे नियम लागतात. म्हणजे लोकांच्या उत्तरात दोन गोष्टी मिसळल्या होत्या : काय आवडतं, आणि पुस्तक नसल्यामुळे काय अडलंय. प्रकाशकाला पैसे मिळतात ते दुसऱ्या गोष्टीचे.

मग डार्क सन का अडलं? त्या जगाला मनोबलाच्या शक्तींचे नियम हवेत. त्यासाठी ‘मिस्टिक’ नावाच्या पात्रवर्गाचे मसुदे 2015 ते 2017 या काळात चाचणीसाठी आले, विसाव्या, म्हणजे सर्वोच्च, पातळीपर्यंत वाढवले गेले आणि शेवटी सोडून दिले गेले. शिवाय गुलामगिरी त्या जगाच्या गाभ्यातच आहे. ती काढली तर जुना चाहता नाराज होतो आणि ठेवली तर प्रकाशकाला ते पुस्तक आजच्या बाजारात उतरवणं अवघड जातं. मागणी हा हिशेबातला एकच रकाना आहे.

प्रश्न : आम्ही लहान प्रकाशक. एका जुन्या सेटिंगचे हक्क घेण्याआधी 400 जणांची पाहणी करायची आहे. प्रश्न कसे काढावेत?

‘हे परत आलं तर तुम्हाला आवडेल का?’ हा प्रश्न पहिल्याच मसुद्यात खोडा. त्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस तुमची पाहणी भरायलाच येत नाही. त्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा : या जगातली कोणती पुस्तकं तुमच्याकडे आहेत, त्यातलं शेवटचं कधी विकत घेतलं, गेल्या बारा महिन्यांत या जगात किती सत्रं खेळलात, आणि ती तुम्ही चालवलीत की दुसऱ्याने. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा, कारण सेटिंगचं पुस्तक प्रामुख्याने गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, घेतो. पाच खेळाडूंच्या टेबलावर पाच चाहते असले तरी पुस्तक एकच विकलं जाऊ शकतं.

ओळख आणि आवड वेगवेगळी मोजा. यादीत सहा-सात जुन्या सेटिंग्ज ठेवा आणि त्यात एक नाव चक्क बनावट घाला. ते ‘माहीत आहे’ म्हणणाऱ्यांच्या टक्क्यावरून बाकीच्या उत्तरांत फुगवटा किती आहे ते कळतं. मग ज्यांना सेटिंग खरोखर माहीत आहे तेवढ्यांतच आवडीचं प्रमाण काढा. ओळख कमी पण ओळखणाऱ्यांत आवड जास्त, अशी सेटिंग जाहिरातीने वाढवता येते. ओळख भरपूर आणि आवड बेताची असेल, तर तिथे जाहिरात कामाची नाही.

पसंतीक्रम मागू नका, 100 गुण वाटायला सांगा. क्रम लावताना माणूस पहिलं आणि दुसरं यातलं अंतर लपवतो. गुण वाटताना ते उघडं पडतं.

समजा 400 पैकी 320 जण ‘घेऊ’ म्हणाले, पण त्या मालिकेचं काहीही गेल्या वर्षभरात पैसे देऊन घेणारे 60 च निघाले. तर हिशेब 60 पासून सुरू करा. बाकीचे 260 ही आशा आहे, ग्राहक नव्हे.

वयाची चाळणी लावताना सावध राहा. विझर्ड्सने 1999 मध्ये केलेली मोठी बाजार-पाहणी 12 ते 35 वयोगटापुरती होती. नवा खेळ आखायला ते ठीक. पण जुन्या सेटिंगची विचारपूस करताना तीच चाळणी लावली, तर ज्यांनी ते जग पहिल्यांदा खेळलं ते बाहेरच राहतात. उलट चूकही तितकीच महाग पडते : फक्त जुन्यांनाच विचारलंत, तर तुम्हाला संग्राहक सापडतील आणि नवा टेबल एकही नाही.

आणखी एक प्रश्न हवाच : ‘हे घेतलंत, तर कोणतं घेणं थांबवाल?’ टीएसआर या मूळ कंपनीने 1990 च्या दशकात रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, अल-कादिम, प्लेनस्केप, बर्थराइट अशी एकामागून एक जगं काढली. एका जगाचा चाहता दुसऱ्याची पुस्तकं घेईना, आणि प्रत्येक मालिका स्वतःच्याच कंपनीचं गिऱ्हाईक वाटून घेऊ लागली. 1997 मध्ये टीएसआर विझर्ड्सच्या ताब्यात गेली, त्यामागे हे एक कारण होतं.

प्रश्न : जुन्या पीडीएफच्या विक्रीवरून अंदाज बांधता येतो का?

येतो, आणि पाहणीपेक्षा बरा येतो, कारण तिथे पैसे मोजलेले असतात. विझर्ड्सने 2009 मध्ये पीडीएफ विक्रीतून काढून घेतल्या आणि 2013 मध्ये जुनी पुस्तकं पुन्हा उपलब्ध केली. ड्राइव्हथ्रूआरपीजी या पीडीएफ विकणाऱ्या संकेतस्थळावर धातूंची पदकं दिसतात : 51 प्रतींना तांबं, 101 ला चांदी, 251 ला इलेक्ट्रम, 501 ला सोनं, 1001 ला प्लॅटिनम. पदक मात्र आजवरच्या एकूण विक्रीचं असतं. दहा वर्षांत मिळालेलं सोनं आणि दोन महिन्यांत मिळालेलं सोनं बाहेरून सारखंच दिसतं. महिनावार आकडे फक्त हक्कदाराकडे असतात, म्हणून हक्कांची बोलणी करताना तेच मागा.

आकडे हातात आले की मूळ संचाच्या विक्रीवर भाळू नका. तो आठवणीखातर घेतला जातो. तिसरं, चौथं पूरक पुस्तक, एखाद्या प्रांताची माहिती किंवा राक्षसांची दुसरी पुस्तिका कोण घेतंय ते पाहा. ती घेणारा माणूस सध्या खेळतोय.

पीडीएफ हे चाचपणीचं साधनही आहे. एबेरॉनसाठी विझर्ड्सने तेच केलं : जुलै 2018 मध्ये एक मार्गदर्शिका पीडीएफ म्हणून आणली, ती चाचणीचा मजकूर आहे असं सांगितलं, आणि त्याच वेळी डीएम्स गिल्ड या चाहत्यांचं साहित्य विकणाऱ्या संकेतस्थळावर इतरांना एबेरॉनचं साहित्य विकायची मुभा दिली. तिथे लेखकाला विक्रीचा निम्मा वाटा मिळतो. छापील पुस्तक नोव्हेंबर 2019 मध्ये आलं. मधल्या सोळा महिन्यांत लोक काय विकत घेतायत हे तर दिसतंच, पण लोक पदरचा वेळ घालून काय लिहितायत हेही दिसतं. आमच्या मते दुसरी खूण जास्त खरी.

प्रश्न : पुनरुज्जीवनासाठी याचिका निघाली आहे. सही करावी का?

करा, नुकसान काही नाही. उपयोगही नाही. सहीला पैसे लागत नाहीत, म्हणून तिला वजन नाही.

प्रश्न : मग चाचणीसाठी येणारे मसुदे? त्यावर अभिप्राय दिला तर सेटिंग येते ना?

क्रम बहुतेक उलटा असतो. ऑक्टोबर 2021 मध्ये अनअर्थ्ड आर्काना या विझर्ड्सच्या चाचणी-मसुद्यांच्या मालिकेत अंतराळातल्या वंशांचा मसुदा आला आणि ऑगस्ट 2022 मध्ये स्पेलजॅमर हे अंतराळजहाजांचं जग दुकानात होतं. मार्च 2022 मध्ये क्रिनच्या (ड्रॅगनलान्सच्या जगाच्या) वीरांचा मसुदा आला, डिसेंबरमध्ये ड्रॅगनलान्सचं पुस्तक. रंगीत पुस्तक लिहून, चितारून, छापून जहाजाने पाठवायला लागणारा काळ पाहिला, तर मसुदा येईपर्यंत पुस्तकाचा निर्णय झालेला असतो हे उघड आहे. तुमचा अभिप्राय आत काय राहील ते ठरवतो. साधारण 70 टक्के पसंती मिळाली तर भाग टिकतो, 80 च्या पुढे गेला तर त्याला फारसं कुणी हात लावत नाही.

प्रश्न : क्राउडफंडिंगमध्ये तर लोक आगाऊ पैसे देतात. ती सगळ्यात पक्की मोजणी नाही का?

पक्की आहे, पण ती एका क्षणाची मोजणी आहे. ‘सेव्हन्थ सी’ या रोलप्लेइंग गेमच्या दुसऱ्या आवृत्तीला 2016 मध्ये 11,483 जणांनी मिळून 13 लाख डॉलरहून जास्त दिले. एवढा आकडा पाहून कुणीही म्हणेल, मालिका वीस वर्षं चालेल. 2019 मध्ये ती केऑसियम या दुसऱ्या प्रकाशकाकडे सोपवावी लागली. त्या मोहिमेत वाढीव टप्प्यांवर, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त रक्कम जमत गेली की, पुढच्या बऱ्याच पुस्तकांचं आश्वासन होतं. म्हणजे पैसा एकदा आला आणि काम अनेक वर्षं पुरलं. ज्याने ती पुस्तकं आधीच घेऊन ठेवली, तो दुकानात पुन्हा ग्राहक म्हणून येत नाही, त्यामुळे पुढची मागणी मोजायला कुणी उरत नाही.

मोहिमेचा आलेख वाचताना एकूण रक्कम शेवटी पाहा. पहिल्या दोन दिवसांत आलेले लोक बहुधा जुने चाहते असतात. शेवटच्या दोन दिवसांतली उसळी आठवणीच्या ईमेलने येते. नवा माणूस मधल्या सपाट पट्ट्यात येतो, तेव्हा मधल्या दिवसांची रोजची सरासरी हाच नव्या मागणीचा आकडा धरा. सरासरी रक्कमही पाहा. थोड्या लोकांनी महागड्या संग्राह्य आवृत्त्या घेऊन आकडा फुगवला असेल, तर टेबलं वाढलेली नाहीत.

चांगला नमुना हवा असेल तर रूनक्वेस्ट हा खेळ पाहा. केऑसियमने 2015 च्या अखेरीस नवं काही न लिहिता जुन्या दुसऱ्या आवृत्तीच्याच पुनर्मुद्रणासाठी मोहीम काढली आणि 2 लाख डॉलरहून जास्त जमा झाले. मजकूर तयार होता, जोखीम छपाईपुरती. 2017 मध्ये छोटी मोफत प्रवेशिका आली आणि 2018 मध्ये त्याच दुसऱ्या आवृत्तीच्या पायावर उभे केलेले नवे नियम. प्रत्येक पायरीवर थांबायची सोय होती.

प्रश्न : मागणी बरोबर मोजूनही पुस्तक का फसतं?

कारण नावाची मागणी मोजली जाते, आतल्या वस्तूची नाही. स्पेलजॅमर 2022 मध्ये प्रत्येकी 64 पानांच्या तीन पातळ पुस्तकांत आलं. जहाजांमधल्या लढाईसाठी ज्यांनी ते मागितलं होतं, त्यांना तेच नियम तोकडे मिळाले. पाहणीत ‘स्पेलजॅमर हवं का’ यासोबत ‘त्यातलं काय नसेल तर घेणार नाही’ असाही प्रश्न हवा. दुसऱ्या टोकाला ग्रेहॉक : 2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये ते नमुन्याचं जग म्हणून एका प्रकरणात आणि नकाशात बसवलं. मध्यम मागणीला तेवढंच माप योग्य होतं.

प्रश्न : सगळं जुळलं तर पहिल्यांदा किती प्रती छापाव्यात?

समजा पुस्तकाची किंमत 50 डॉलर आहे. वितरकामार्फत विकलं तर प्रकाशकाच्या हाती साधारण 40 टक्के, म्हणजे 20 डॉलर येतात. छपाई आणि वाहतूक मिळून 10 धरा. लेखन, चित्रं, हक्कांची रक्कम सगळं उरलेल्या 10 मधून भागवायचं. मोहिमेत 900 छापील प्रती गेल्या, वितरकांनी लेखी 250 मागितल्या, खराब आणि हरवलेल्या प्रतींसाठी 5 टक्के, म्हणजे सुमारे 60. बेरीज 1,210. 1,500 छापा. 3,000 छापल्यावर दर प्रत स्वस्त पडते हे खरं, पण न विकलेल्या दीड हजार प्रतींचं गोदामभाडं ती बचत खाऊन टाकतं. पहिली छपाई संपली तर मागणीनुसार छपाईची सोय चालू ठेवा आणि तिथे महिन्याला किती प्रती जातात ते पाहूनच दुसरी छपाई काढा.