बारा जानेवारीच्या सतरा ओळी

बाळ,

तुझा रोजचा दिनविशेष बघालोय मोबाईलवर. मेहनत घेतोस, दिसतंय की. पण बारा जानेवारीला सतरा ओळी टाकलास बे, जिजाऊंचा जन्म १५९८, विवेकानंदांचा १८६३, मग हैतीचा भूकंप, अजून काय काय, अन् पार खाली चौदाव्या नंबरला 'सोलापूरचे चार हुतात्मे'. नावं पण नाहीत.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३१ साली याच तारखेला येरवड्यात फाशी. आता तारखेच्या जरा मागं जा की. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापुरातल्या गिरण्या बंद पडल्या, ८ मेला गोळीबार झाला तशी लोकांनी पोलीस चौकी जाळली, कोर्ट जाळलं, दोनतीन दिवस गाव इंग्रजांच्या हातातच नव्हतं बघ, अन् १२ मेपासून मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, झेंडा हातात दिसला तरी शिक्षा. पोलिसांच्या खुनाचा आरोप या चौघांवर ठेवला. हे सगळं एका ओळीत कसं मावेल?

अन् तारीख तपासत जा. मी वाचनालयाचा फळा लिहायचो तेव्हा १० जानेवारीखाली शास्त्रीजींचं निधन लिहून मोकळा झालो होतो. १९६६चा ताश्कंद करार दहालाच झाला ना, डोक्यात तेच. पेपर वाचायला येणारे एक यंत्रमाग कामगार म्हणाले, सर, मध्यरात्र उलटून गेली होती की ओ, अकरा लिहा. सगळ्यांदेखत पुसावं लागलं. तेव्हापासून मरणाची वेळ सापडती का ते आधी बघतो.

जन्माचं अजून अवघड, तिथीची भानगड असते. जिजाऊंची जयंती कुणी पौष पौर्णिमेला करतं, कुणी बाराला, तू दोन्ही लिही. विवेकानंद जन्मले तो दिवस संक्रांतीचा होता, म्हणजे तेव्हा संक्रांत बाराला यायची, आता चौदा-पंधराला येती, ती सत्तरेक वर्षात एक दिवस पुढं सरकती. सिद्धरामेश्वराच्या सोलापुरातल्या लोकांना हे वाचायला आवडंल, संक्रांतीच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या आधी टाक.

यंदा बाराला एकच टाक, चौघांचं. फोटो नेटवरनं उचलू नको. गड्ड्याच्या यात्रेची गडबड असती त्या दिवसात, म्हणून मी सकाळी लवकरच चार पुतळ्याला, या चौघांच्या पुतळ्यांपाशी, जातो. सातला ये. चहा माझ्याकडं.

तुझा,
सर