ऑरवेलच्या 'बर्मीज डेज'चं इतकं कौतुक होतं, पण वाचून निराशा झाली. असं आणखी कुणाला वाटलं का?

हो, मला वाटलं. निम्मी कादंबरी फार ताकदीची आहे, म्हणून तर जास्तच लागलं.

ऑरवेल 1922 ते 1927 ब्रह्मदेशात पोलीस खात्यात होता. तेव्हा तो ब्रिटिश हिंदुस्थानातलाच एक प्रांत. कादंबरीतल्या क्यौकताडा या आडगावातले मूठभर गोरे, त्यांचा क्लब, एकाही काळ्या माणसाला सभासद करून घेणार नाही म्हणून तोंडाला येईल ते बरळणारा एलिस, असं सगळं त्याने जवळून पाहिलंय आणि ते पानापानांत जाणवतं. लाकडाच्या धंद्यातला फ्लोरी एवढाच काय तो वेगळा. आपण इथे लुटायला आलोय हे त्याला कळतं, पण ते बोलायचं धाडस फक्त त्याच्या हिंदी मित्राच्या, डॉ. वीरस्वामींच्या व्हरांड्यात. इथवर मला काही तक्रार नाही.

माझं बिनसलं ते फ्लोरीची बर्मी रखेल मा ह्ला मे हिच्यापाशी. फ्लोरीने तिला आईबापांकडून 300 रुपयांना विकत घेतलंय. पहिल्याच प्रसंगात लेखक तिला बाहुलीची उपमा देतो आणि पुढे पुस्तकभर ती पैसे मागते, कांगावा करते, बस्स. फ्लोरीला जिच्याशी लग्न करायचंय ती इंग्रज तरुणी एलिझाबेथ आल्यावर तो मा ह्ला मेला घराबाहेर काढतो. भर चर्चमध्ये ती आरडाओरडा करते, तेव्हा आपला जीव तुटतो तो ताठरून बसलेल्या फ्लोरीसाठी. तिच्या आत काय चाललंय, हे कुणी विचारतच नाही.

यावर लोक म्हणतात, ही नजर फ्लोरीची आहे, ऑरवेलची नव्हे. मला ते पटत नाही. शेवटच्या प्रकरणात फ्लोरी मेलेला आहे, निवेदन सर्वस्वी लेखकाचं आहे. तिथे मा ह्ला मे मंडालेच्या कुंटणखान्यात चार आण्यांवर आलीय, गिऱ्हाइकं तिला मारतात, आणि लेखक सांगतो की फ्लोरीच्या वेळचे चांगले दिवस आठवून ती हळहळते, त्याच्याकडून उकळलेले पैसे साठवले नाहीत म्हणून. विकत घेतलेल्या बाईच्या तोंडी ही खंत! क्लबावर तुटून पडणारा लेखक इथे क्लबातल्या माणसासारखाच बोलतो.

एलिझाबेथही तशीच उथळ रंगवलीय, पण निदान तिचं बालपण, तिची गरिबी आपल्याला कळते. मा ह्ला मेच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

ब्रह्मदेशातल्या गोऱ्यांच्या राज्यावरचा ऑरवेलचा 1936 चा हत्ती मारल्याचा निबंध ('शूटिंग अ‍ॅन एलिफंट') मात्र जरूर वाचा. गर्दी हसेल या भीतीने आपण गोळी झाडली, हे तिथे तो सरळ कबूल करतो. कादंबरीत मला तोच ऑरवेल हवा होता.